अंदाजपंचे चालत नाही : नागपुरातल्या सामानात घरचा पहिला साबण

मी पहिल्यांदा साबण करायला घेतला तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "साबण तं दुकानात भेटतेच ना, तू काऊन हा उपद्व्याप करून राहिली?" आणि दुसरं म्हणजे माझा नवा वजनकाटा पाहून हसली, कारण आमच्या घरी आजपर्यंत कशालाच काटा लागला नाही, मीठ चिमटीनं, तेल पळीनं, पाणी बोटाच्या पेरानं, सगळं अंदाजानं आणि सगळं बरोब्बर. मलाही वाटलं होतं साबण म्हणजे तसंच काहीतरी असेल. नाहीये. स्वयंपाकातला अंदाज चुकला तर भाजी खारट होते, इथला चुकला तर अंगाची आग होते.

माझी पहिली बॅच अशीच गेली. ५०० मिलीची खोबरेल तेलाची बाटली आणली, ५०० ग्रॅम समजून पूर्ण ओतली, आणि कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा जहाल क्षार) ५०० ग्रॅमच्या हिशोबानं, ५ टक्के कमी करून (ते का, ते पुढे येतं), ८७ ग्रॅम घातला. पण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं हो, ५०० मिली खोबरेल म्हणजे वजनात साधारण ४६० ग्रॅमच भरतं. ४६० ग्रॅमला जास्तीत जास्त ८४ ग्रॅम कॉस्टिक पुरतो, म्हणजे माझ्या साबणात ३ ग्रॅम कॉस्टिक मोकळाच फिरत होता. दिसायला पांढराशुभ्र, कापायला गेले तर खडूसारखा भुगा, आणि हात धुतले की तळवे असे कोरडे पडायचे की विचारू नका. शेवटी त्यानं बेसिन घासलं. बेसिन मात्र लय चमकलं.

म्हणून आधी एवढं डोक्यात घाला, की साबण म्हणजे तेल अधिक कॉस्टिक सोडा. दोघांची रिअॅक्शन होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होतं आणि बरोबर मापात घातलेला कॉस्टिक शेवटी शिल्लकच राहत नाही. "आम्ही कॉस्टिक न वापरता साबण केला" असं कोणी सांगितलं तर त्यांनी तयार साबणाचा बेस आणून वितळवून साच्यात ओतला असं समजा, त्या बेसमध्ये कॉस्टिकचं काम फॅक्टरीत होऊन आलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, घरात लहान लेकरं असतील तर खरं तर तेच करा. पण हा लेख शून्यापासून करणाऱ्यांसाठी आहे.

सामान कुठून आणायचं

कॉस्टिक सोडा नागपूरच्या इतवारी बाजाराकडच्या केमिकलच्या दुकानांत विचारा, पांढऱ्या पापड्यांसारखे फ्लेक्स मिळतात. दुकानदाराला स्पष्ट सांगा, कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड. खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा, आणि नुसतं "सोडा द्या" म्हटलं तर कोणताही हातात येतो. पाइपातला कचरा काढायची पावडर पण घेऊ नका, तिच्यात बाकी काय काय मिसळलेलं असतं. पाकीट सीलबंद पाहून घ्या आणि घरी आल्या आल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा, वर मोठ्या अक्षरात नाव लिहा, आणि साखर-मिठाच्या फळीवर चुकूनही ठेवू नका. पावसाळ्यात हे फ्लेक्स हवेतलं पाणी ओढून चिकट होतात, मग वजनात कॉस्टिक कमी आणि पाणीच जास्त येतं, त्यामुळे जुना उघडा राहिलेला माल वापरायचा नाही.

खोबरेल खायच्या क्वालिटीचं, शुद्ध. केसांच्या सुगंधी तेलाच्या बाटलीवर मागचं बारीक वाचा, पुष्कळदा त्यात मिनरल ऑइल असतं आणि मिनरल ऑइलचा साबण होतच नाही, ते तेलच राहतं. शेंगदाणा तेल घाणीचं किंवा पाकिटातलं कोणतंही चालतं (घरात कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर तीळ तेल घ्या, पण मग हिशोब पुन्हा करा, तो पुढे दिलाय). एरंडेल मेडिकलमध्ये छोट्या बाटलीत मिळतं.

पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्याचे पांढरे डाग बादलीलाही पडतात, तसलं जड पाणी साबणात नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर कॅनमध्ये मिळतं, ते उत्तम. नाहीतर आरओचं घ्या.

भांड्यांचं नीट ऐका. स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, किंवा जाड प्लास्टिकचं भांडं. जर्मलचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, अजिबात नाही, कॉस्टिक त्याला खातो आणि त्यातून हायड्रोजन गॅस निघतो. फॉइल नको, जर्मलचा चमचा पण नको. लाकडी रवी वापरायचा मोह मलाही झाला होता, दोन बॅचमध्ये तिच्या कडा झडायला लागल्या. एकदा साबणाला वापरलेली भांडी साबणालाच ठेवायची, परत स्वयंपाकात नाही.

बाकी मग हँड ब्लेंडर, सिलिकॉनचा उलथणा, हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकचा गॉगल (तुमचा नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे), रबरी हातमोजे, आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा. पैसे वाचवायचे तर साच्यात वाचवा, काट्यात नाही. साचा म्हणून मी तर संत्रा बर्फीचा एक किलोचा रिकामा खोका घेते, आत बटर पेपर घड्या घालून नीट बसवला की झालं. दुधाचं टेट्रापॅकही चालतं, पण आतून अॅल्युमिनियमचा थर असतो म्हणून त्यालाही बटर पेपर लावायचाच.

माप आणि हिशोब

पहिल्या बॅचसाठी एवढं घ्या, सगळं वजनावर:

खोबरेल २०० ग्रॅम
शेंगदाणा तेल २५० ग्रॅम
एरंडेल ५० ग्रॅम
पाणी १५० ग्रॅम
कॉस्टिक सोडा ७३ ग्रॅम

खोबरेल साबणाला कडकपणा आणि भरपूर फेस देतं पण एकटंच घेतलं तर त्वचा कोरडी करतं (माझ्या पहिल्या बॅचची ती दुसरी चूक), शेंगदाणा मऊपणा देतं, एरंडेलामुळे फेस टिकतो.

७३ कुठून आला ते समजून घ्या, कारण तेल बदललं की हा आकडा बदलतो आणि मग माझी रेसिपी तुमच्या कामाची राहत नाही. प्रत्येक तेलाला आपापला आकडा असतो, १ ग्रॅम तेलाला किती ग्रॅम कॉस्टिक लागतो तो. खोबरेल ०.१८३, शेंगदाणा ०.१३६, एरंडेल ०.१२८, तीळ ०.१३४, ऑलिव्ह ०.१३५, पाम ०.१४२. आता २०० गुणिले ०.१८३ म्हणजे ३६.६, २५० गुणिले ०.१३६ म्हणजे ३४, ५० गुणिले ०.१२८ म्हणजे ६.४, बेरीज ७७. ७७ घातला तर सगळ्या तेलाचा साबण होईल आणि हाताला काहीच मऊपणा राहणार नाही, म्हणून ५ टक्के कमी करायचा, ७३.१५, म्हणजे ७३. हे ५ टक्के तेल साबणात तसंच राहतं, त्याला सुपरफॅट म्हणतात, आणि काटा एखाद्या ग्रॅमनं इकडे तिकडे झाला तर तेच आपल्याला वाचवतं. नेटवर फुकट कॅल्क्युलेटर मिळतात, तिथे पण एकदा टाकून पाहा. दोन्ही जुळले की मगच गॅसकडे वळा.

करायचं कसं

वेळ आधी ठरवा. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी हे करू नका. घरातच चाळीसच्या वर पारा, त्यात साबण स्वतःही तापतो, माझी ती पहिली बॅच मधोमध तडकून फुगली होती भाकरीसारखी. उन्हाळ्यात करायचंच असेल तर सकाळी सहाला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकदम मस्त, फक्त थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवून पूर्ण पातळ करा आणि मग वजन करा.

लेकरं, मांजर, फोन सगळं बाहेर. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बंद चप्पल-बूट, गॉगल, हातमोजे. खिडकी उघडी, किंवा सरळ गॅलरीत बसा.

आधी पाणी मोजा, स्टीलच्या उभ्या भांड्यात. कॉस्टिक वेगळ्या कोरड्या प्लास्टिकच्या वाटीत मोजा. वाटी काट्यावर ठेवल्यावर शून्य करायला विसरू नका, हे विसरणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यात मी पण आहे. आता कॉस्टिक पाण्यात, थोडा थोडा, ढवळत. पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, ते एकदम उसळून अंगावर येतं. पाण्यात टाकल्यावरही मिनिटाभरात भांडं हात लावता येणार नाही इतकं तापतं, ऐंशी-नव्वद डिग्रीपर्यंत जातं, गॅस न पेटवता, पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरंच वाटत नाही. वर वाफा येतात, त्या नाकात घ्यायच्या नाहीत, तोंड बाजूला. म्हणून ते डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी आधीच फ्रिजमध्ये गार करून घ्या आणि भांडं परातीत गार पाणी भरून त्यात ठेवा (परात स्टीलची!). आधी गढूळ दिसेल, मग काचेसारखं स्वच्छ होईल. तळाशी एकही पापडी राहिली नाही ना ते पाहा.

अंगावर थेंब उडाला तर वाट पाहू नका, नळाखाली धरा, पंधरा-वीस मिनिटं. व्हिनेगर लावा, लिंबू लावा असं लोक सांगतात, त्वचेवर ते करायचं नाही, त्यानं उष्णता आणखी वाढते, फक्त पाणी. डोळ्यात गेलं तर डोळे उघडे ठेवून धूत राहा आणि सरळ डॉक्टर. व्हिनेगर ओट्यावर सांडलेलं पुसायला ठेवा, तिथे ते बरोबर आहे.

कॉस्टिकचं पाणी थंड होतंय तोवर तेलं एकेक करून वजनावर गंजात घ्या आणि कोमट करा. दोन्ही साधारण ४० डिग्रीच्या आसपास आले की झालं. थर्मामीटर नसेल तर भांड्याला बाहेरून हात लावा, आंघोळीच्या कोमट पाण्यासारखं लागलं पाहिजे. मे महिन्यात तेल तापवायची गरजच नाही, ते शेल्फवर आपोआप तयार असतं.

आता कॉस्टिकचं पाणी तेलात बारीक धारेनं सोडा. आधी हातानं ढवळा, मग ब्लेंडर पूर्ण बुडवून, तिरका करून आतली हवा काढून, पाच सेकंद चालू, दहा सेकंद बंद ठेवून नुसतं ढवळणं, परत पाच सेकंद. ब्लेंडर चालू असताना वर उचलला तर भिंतीपर्यंत शिंतोडे जातील. सुरुवातीला सावजी रश्श्यासारखा तेलाचा तवंग वर दिसतो, हळूहळू तो गायब होतो, रंग फिका दुधी होतो, आणि मग ती अवस्था येते जिला साबणवाले ट्रेस म्हणतात. पातळ बेसनासारखं, म्हणजे पुण्याकडे ज्याला पिठलं म्हणतात त्यासारखं. चमच्यानं वरून धार सोडली की ती लगेच बुडत नाही, क्षणभर रेघ उमटून राहते. ती रेघ दिसली की ब्लेंडर बंद. या मापाला पाच ते पंधरा मिनिटं लागतात, न झालं तर घाबरू नका, पाणी वाढवू नका, कॉस्टिक तर मुळीच वाढवू नका, नुसतं चालू ठेवा.

काही घालायचं असेल ते आता. नागपूरचा माणूस म्हटल्यावर संत्र्याची साल येणारच, तर साल सावलीत कडकडीत वाळवून मिक्सरमधून काढून, चाळून, एक चमचा. ताजा रस घालू नका, त्यातली साखर साबणाला तापवते आणि रंग तपकिरी होतो. संत्र्याचं सुगंधी तेल पण महिनाभरात उडून जातं, मी दोनदा पैसे घालवलेत. हळद चिमूटभर घातली तर आधी लाल दिसते, घाबरू नका, कुंकू करतात तेव्हाचीच गंमत आहे ती, नंतर पिवळट होते. अत्तर किंवा सेंट ओतू नका, काहींनी मिश्रण गंजातच दगड होतं. पहिली बॅच बिनवासाची, बिनरंगाचीच करा असं माझं मत, म्हणजे चुकलं तर कशामुळे चुकलं ते कळतं.

खोक्यात ओता, दोनदा ओट्यावर आपटा म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतील, वर बटर पेपर झाका. थंडीत टॉवेल गुंडाळा, उन्हाळ्यात गुंडाळू नका. मधला भाग गडद आणि जेलीसारखा दिसला तर बिघडलं नाही, ते होतंच. भांडी त्या दिवशी घासूच नका, कागदानं पुसून बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी चिकटलेल्याचाच साबण झालेला असतो आणि भांडी स्वतःला स्वतःच धुतात. हा माझा सगळ्यात आवडता भाग.

कापणं आणि वाट पाहणं

२४ ते ४८ तासांनी, चीजसारखा घट्ट झाला की हातमोजे घालून काढा आणि साध्या सुरीनं कापा. सात वड्या होतात, शंभर शंभर ग्रॅमच्या. अजून मऊ असेल तर एक दिवस आणखी राहू द्या, शेंगदाण्याचं तेल आहे, थोडा वेळ घेतं.

आता चार ते सहा आठवडे काही करायचं नाही. लोक इथेच हरतात. बांबूच्या टोपलीत बटर पेपर घालून वड्या एकमेकींना न लागता ठेवा, चार-पाच दिवसांनी पालटा. रद्दीचा पेपर नको, शाई उतरते. कूलरच्या खोलीत तर अजिबात नको, कूलरची ओली हवा लागली की वड्यांना घाम फुटतो, कारण आतलं ग्लिसरीन पाणी ओढतं, पावसाळ्यातही तेच, पण तो घाम कॉस्टिकचा नाही, पुसून टाका. वर पांढरी भुकटी आली तर तीही नुसती दिसण्यापुरती, चाकूनं खरवडा.

कधी तयार झाला ते काट्यालाच विचारा. एका वडीचं वजन दर रविवारी लिहून ठेवा. माझ्या मागच्या बॅचची वडी १०२ वरून ९७, मग ९४, ९२, ९१ आणि परत ९१. वजन उतरायचं थांबलं की पाणी उडालं. वापरायच्या आधी ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावा, नऊ व्होल्टच्या बॅटरीसारखा झटका लागला तर कॉस्टिक मोकळा आहे, नुसती साबणाची कडवट चव आली तर झालं, थुंका आणि चूळ भरा.

झटका लागलाच तर टाकून द्यायची गरज नाही, हे मला बेसिन घासून झाल्यावर कळलं. साबण किसायचा, थोडं पाणी आणि कमी पडलेलं तेल घालायचं (माझ्या बाबतीत ते हरवलेले ४० ग्रॅम), आणि डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून, मंद आचेवर मऊ लगदा होईपर्यंत शिजवून पुन्हा साच्यात दाबायचा. खडबडीत दिसतो पण वापरण्याजोगा होतो. पण किती तेल कमी पडलं ते माहीत नसेल, म्हणजे काहीच लिहून ठेवलं नसेल, तर मात्र तो कपडे-फरशीलाच.

जवसाचं राहिलंच. आपल्याकडे घरोघरी जवस असतं, तेल पण चांगलं मिळतं, म्हणून मी एकदा अर्धं जवसाचं तेल घालून बॅच केली. महिनाभर छान, मग वड्यांवर केशरी ठिपके यायला लागले आणि कपाट उघडलं की जुन्या तळणाचा वास. जवसाचं तेल हवेनं फार लवकर खवट होतं आणि साबणात गेलं तरी त्याचा स्वभाव सुटत नाही. घालायचंच तर ५ टक्क्यांपर्यंत. बाकी चटणीत.

आणि साबण जमला की मैत्रिणी म्हणतात, विकत का नाही देत. घरी वापरा, वाटा, पण अंगाचा साबण विकायचा म्हटलं की तो कायद्यानं कॉस्मेटिकमध्ये येतो, त्याला एफडीएचं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं, लायसन्स लागतं, तेव्हा आधी तिथे जाऊन विचारा.

आईचं काय झालं म्हणाल तर तिसऱ्या बॅचची वडी तिनं मोरीत ठेवली, काही बोलली नाही. परवा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगं तो तुझा काटा कुठी ठेवला? लोणच्याचं मीठ मोजायचं होतं."